यादी करण्याआधी घराच्या मालकिणीला विचारा

प्रति,
इंडोनेशियातल्या आचे प्रांताच्या पिदी जाया जिल्ह्यातल्या गाम्पोंगांचे कुचिक, तुहा पुतमधली वडीलधारी मंडळी, इमुम मुनासाह, आणि पुरानंतरच्या घरांच्या याद्या करणारे जिल्ह्याचे व जमीन खात्याचे अधिकारी यांस,

सलाम.

मी महाराष्ट्रातल्या लातूर जिल्ह्यातली. २००५ च्या मार्चपासून जवळजवळ दोन वर्षं मी तुमच्या भागात त्सुनामीनंतरच्या घरबांधणीच्या कामावर होते. तेव्हा पिदी जाया वेगळा जिल्हा झाला नव्हता, सगळं पिदीच होतं. माझ्याकडे अर्ज भरून घ्यायचं काम होतं. कुणाचं घर गेलं, माणसं किती, जागा कुणाची, कागद आहे का. दुभाषी मुलगी शेजारी बसायची, मी लिहायचे. त्या अर्जांत मी एक चूक केली, आणि ती रोज केली. आता पुन्हा अर्ज निघाले आहेत, पुन्हा तीच चूक होईल या धास्तीने हे पत्र लिहिते आहे.

मराठीत लिहिते आहे, कारण मनातलं नीट मांडायला मला हीच भाषा येते. इंडोनेशियन प्रत माझी तेव्हाची दुभाषी करून देणार आहे. इथल्या वाचकांसाठी मधूनमधून तुमच्याच गोष्टी तुम्हाला उलगडून सांगितल्यासारखं होईल, ते सांभाळून घ्या. गाम्पोंग म्हणजे गाव, कुचिक म्हणजे गावाचा प्रमुख, तुहा पुत म्हणजे त्याच्यासोबत बसणारं ज्येष्ठांचं मंडळ, मुनासाह म्हणजे गावाची नमाजाची, बैठकीची, न्यायनिवाड्याची जागा आणि इमुम म्हणजे तिथली नमाज चालवणारा.

अर्जावर वरचाच रकाना होता ‘कपाला क्लुआर्गा’, कुटुंबप्रमुख. मी विचारायचे, प्रमुख कोण? नवऱ्याचं नाव यायचं. शेवटच्या रकान्यात नवं घर कुणाच्या नावे द्यायचं ते लिहायचं होतं. तिथे मी न विचारताच वरचं नाव खाली उतरवायचे. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, त्यानंतरच्या पुनर्वसनात मी नवखी कार्यकर्ती म्हणून हेच पाहिलं होतं. घर गेलं की पुरुषाचं नाव विचारायचं. पुरुष गेला असेल तर मुलाचं. जगात सगळीकडे असंच असतं असं धरून मी तुमच्याकडे आले.

ज्या घरी मी उतरले होते तिथल्या आजीला सगळे माक वा म्हणायचे, थोरल्या मावशीला म्हणतात तसं. मीही म्हणू लागले. एका संध्याकाळी ती सुपारी सोलत बसली होती आणि मी दिवसाचे अर्ज तपासत होते. तिच्या बहिणीच्या मुलीचा अर्ज वर होता. माक वाला वाचता येत नव्हतं, म्हणून तिने मला नाव वाचायला सांगितलं. मी जावयाचं नाव वाचलं. तिला वाटलं मी चुकीचा कागद वाचते आहे. ते घर त्याचं कसं होईल, तो तर तिथे लग्नानंतर आला, असं ती दुभाषीला म्हणाली. मग तिने एकच शब्द दोनदा उच्चारला, पो रुमोह.

मराठीत बायको नवऱ्याला घरधनी म्हणते. घराचा धनी. तुमच्या भाषेत नवरा बायकोला पो रुमोह म्हणतो. रुमोह म्हणजे घर, पो म्हणजे मालक. तिथे बायको या शब्दाचाच अर्थ घराची मालकीण असा आहे. मी कित्येक आठवडे तो शब्द ऐकत होते आणि ‘बायको’ असा उतरवून घेत होते. माक वाने त्याची फोड केली तेव्हा माझ्या हातातला गठ्ठा मला जड झाला.

पुढचं हळूहळू कळत गेलं. पिदीत आणि शेजारच्या आचे बसार जिल्ह्यात लग्न झालं की मुलगी सासरी जात नाही, जावई येतो. आमच्याकडे ‘घरजावई’ हा शब्द हिणवण्यासाठी वापरतात, तुमच्याकडे सगळेच जावई तसे. सुरुवातीची वर्षं जोडपं मुलीच्या आईवडिलांकडे राहतं, मग एक दिवस आईवडील तिला वेगळं काढतात. त्याला तुम्ही पुमुक्लेह म्हणता. त्या वेळी तिला घर मिळतं, ऐपत असेल तर भाताच्या शेताचा तुकडाही. असं मुलीला दिलेलं ते पुनुलांग. धाकटी लग्नाला आली की त्याच अंगणात तिच्यासाठी दुसरं घर उभं राहतं, नाहीतर आईवडीलच मागच्या बाजूला सरकतात. काडीमोड झाला तर कपडे उचलून नवरा बाहेर पडतो, बाई आणि मुलं जागच्या जागी राहतात. आमच्या जात्यावरच्या ओव्यांत माहेरच्या वाटेसाठी केवढं रडू आहे. ते माक वाच्या घरच्या बायकांना समजावताना माझी पंचाईत झाली, कारण माहेर सुटतं म्हणजे काय होतं हेच त्यांना उमगेना.

एवढं कळेपर्यंत माझे शेकडो अर्ज वर गेले होते. काही मी परत मागवले, दुरुस्त केले. बरेच निघून गेले. त्यांवर घरं झाली, त्या नावांनी झाली. त्यातल्या काही घरांचं पुढे काय झालं ते मला माहीत आहे. नवरा वारला, त्याच्या मूळ घरचे भाऊ आले आणि भावजयीच्या अंगणात उभ्या असलेल्या घरात आपला वाटा सांगू लागले. जागा बाईच्या आईने दिलेली, भिंती मदतीच्या पैशातल्या, कागद नवऱ्याचा. त्या भावांना मी दोष कसा देऊ? कागद मीच तसा लिहिला होता.

आता घराविषयी थोडं. जुनं रुमोह आचे मी ज्या नजरेने पाहिलं ती बांधकामवाल्याची नव्हती, तरी त्यातली बुद्धी दिसल्याशिवाय राहत नाही. सोळा, वीस, चोवीस खांब. खांब पुरलेले नाहीत, दगडांवर टेकवलेले. खिळे नाहीत, पाचरी आणि खुंट्या. जमीन हलली की घर तिच्याबरोबर हलतं आणि पुन्हा जागेवर बसतं. छप्पर रुंबियाच्या, म्हणजे सागो पामच्या, पानांनी शाकारलेलं आणि दोराने असं बांधलेलं की आग लागली तर एका जागी दोर कापला की जळतं छप्पर घसरून खाली पडतं, लाकडी घर वाचतं. जमिनीपासून माणसाच्या उंचीएवढं वर, म्हणून पुराचं पाणी खालून निघून जातं. त्या खालच्या जागेत भात कांडायची जुंकी, जळण, मुलांचा झोपाळा. जिन्याच्या पायथ्याशी पाय धुवायला पाण्याचा रांजण.

त्सुनामीनंतर आम्ही बांधली ती छत्तीस चौरस मीटरची विटांची घरं, जमिनीवर टेकलेली. घाई होती, आकडे पूर्ण करायचे होते, देणाऱ्यांना पक्की भिंत हवी होती. घेणाऱ्यांनाही पक्की भिंत हवी होती हे कबूल केलं पाहिजे, कारण लाकूड महाग झालं होतं आणि विटांच्या घराला मान होता. २०१६ च्या ७ डिसेंबरला पहाटे तुमच्या पिदी जायात ६.५ तीव्रतेचा भूकंप झाला, शंभरावर माणसं गेली. पडली ती मुख्यतः पक्की बांधकामं, बाजारपेठेतली वर घर आणि खाली दुकान अशी दुकानघरं, मशिदी. आणि २०२५ च्या नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, मलाक्काच्या सामुद्रधुनीत तयार झालेल्या चक्रीवादळाने आठवडाभराचा पाऊस ओतला तेव्हा मुरुदू नदी डोंगरातला गाळ आणि ओंडके घेऊन खाली आली. सुमात्राच्या तीन प्रांतांत मिळून हजारावर माणसं मेली. पिदी जायातल्या घरांत चिखल खिडक्यांपर्यंत चढलेला मी फोनवर पाहिला. माक वा आता नाही. तिच्या नातीने पाठवलेल्या चित्रफितीत मला आमचं एक विटांचं घर ओळखू आलं, त्याच्या निळ्या दारावरून. दाराचा वरचा हातभर भाग तेवढा दिसत होता.

त्यामुळे आता पुन्हा याद्या होणार. तात्पुरती घरं, मग कायमची घरं, काही वस्त्यांचं स्थलांतर. वीस वर्षांत तुमच्या एका गाम्पोंगने इतक्या याद्या पाहिल्या आहेत की बायका आता अर्ज घेऊन आलेल्या माणसाला पाहिल्याबरोबर घरात जाऊन कुटुंबपत्रिका काढून आणतात. त्या पत्रिकेवरही वर नवऱ्याचं नाव. यादी करणारा ते नाव उचलतो. त्याचं काम सोपं होतं. माझंही होत होतं.

सुरक्षिततेबद्दल सांगायचं आहे ते याच्याशीच बांधलेलं आहे.

पहिल्या महिन्यात मला रात्री भीती वाटायची. घराला बाहेरून कडी नाही, अंगणाला भिंत नाही, असलं तर कोंबड्या अडवणारं काटक्यांचं कुंपण. आणि सरकार व आचेचे बंडखोर यांच्यातला शांततेचा करार अजून झाला नव्हता. तो हेलसिंकीत १५ ऑगस्ट २००५ ला झाला. त्याआधी रात्री रस्त्याने मोटार गेली तरी घरातलं बोलणं थांबायचं. मी माक वाला विचारलं, तुम्ही इतकी वर्षं दारं कशी लावली नाहीत? तिने मला जिन्यावर उभं केलं आणि हाताने दाखवलं. डावीकडे थोरल्या बहिणीचा जिना, समोर धाकटीचा, विहिरीपलीकडे मावसबहिणीचा. एकच विहीर. कुठल्याही जिन्यावर अनोळखी पाऊल पडलं की चार घरांतून दिसतं. तुम्ही गावाच्या रक्षणाला पागु गाम्पोंग म्हणता, गावाचं कुंपण. माक वाच्या अंगणात ते कुंपण बहिणींचं होतं.

तिने मला त्या वर्षांच्या गोष्टी तुकड्या-तुकड्यांत सांगितल्या. १९८९ ते १९९८ तुमचा प्रांत लष्करी कारवाईचं क्षेत्र होता. पिदीत, जिथून आचेच्या स्वातंत्र्याची चळवळ निघाली, तिथे त्याचा फार जाच झाला. याच पिदीत रुमोह गुडोंग नावाचं एक जुनं लाकडी घर होतं, लष्कराने ते छळछावणी म्हणून वापरलं, बायकाही तिथे नेल्या गेल्या. त्यालाही रुमोहच म्हणायचे. तो शब्द उच्चारताना माक वा आवाज खाली आणायची. १९९८ च्या ऑगस्टमध्ये लोकांनी ते जाळलं. २०२३ च्या जानेवारीत इंडोनेशियाच्या राष्ट्राध्यक्षांनी तिथल्या अत्याचारांना मानवी हक्कांचं गंभीर उल्लंघन म्हणून मान्यता दिली. त्याच वर्षी जूनमध्ये ते स्वतः तिथे गेले, पण त्याआधी उरलेसुरले अवशेष पाडून टाकले होते. पुरावा राहायला हवा होता असं तिथल्या पीडितांप्रमाणे मलाही वाटतं.

मग २००३ च्या मे महिन्यात लष्करी कायदा लागला. लाल-पांढऱ्या रंगाचं वेगळं ओळखपत्र काढावं लागायचं, ते खिशात नसेल तर रस्त्यावर धडगत नव्हती. शेकडो शाळा जळाल्या. एका बाजूला सैनिक, दुसऱ्या बाजूला रात्री येऊन कर मागणारे बंडखोर. तरुण पुरुष डोंगरात गेले, मलेशियात गेले, शहरात गेले. उरलेल्यांना रात्रीचा पहारा सक्तीने द्यावा लागायचा. घरात कोण राहिलं? पो रुमोह. दारावरची थाप तिने ऐकली, उत्तर तिने दिलं, नवरा कुठे आहे या प्रश्नाला खोटं आणि खरं मिसळून तिने सामोरं जायचं. घर सोडून ती जाऊ शकत नव्हती, कारण ते तिचं होतं, तिच्या आईचं होतं, आणि दोन्ही बाजूंना बहिणी तशाच बसलेल्या होत्या. करारानंतर पुरुष परतले तेव्हा परतायला घर होतं. ते कुणी राखलं याची नोंद शांतता कराराच्या कागदांत नाही. निदान घरांच्या यादीत तरी यावी, एवढं मागणं मला जास्त वाटत नाही.

त्सुनामीने या व्यवस्थेला जो घाव घातला तो आम्हा बाहेरच्यांच्या लक्षात फार उशिरा आला. २६ डिसेंबर २००४, रविवारची सकाळ. पुरुष मासेमारीला खोल समुद्रात किंवा बाजारात, बायका घरी, मुलांसोबत. ऑक्सफॅम या मदतसंस्थेने नंतर आचे बसारमधल्या चार गावांत मोजणी केली तर वाचलेल्या ६७६ माणसांत बायका फक्त १८९ होत्या. या आकड्याकडे सगळ्यांनी मरणाचा आकडा म्हणून पाहिलं आणि ते बरोबरच होतं. पण पुनुलांगच्या रिवाजाने बघा. ज्यांच्या नावे गाव घरं ओळखत होतं त्याच मेल्या. वाचलेला नवरा, वाचलेला बाप अर्ज घेऊन आला आणि घर त्याच्या नावे झालं. त्याने पुढे दुसरं लग्न केलं, मेलेल्या बाईची मुलगी आजीकडे वाढली. एका पिढीत आईकडून मुलीकडे जाणारी वाट बुजली, आणि कुणी ठरवून बुजवली असंही नाही.

‘मातए आनक मुपात जुरात, मातए आदात पात तामिता’ ही तुमची म्हण. मूल मेलं तर त्याची कबर तरी सापडते, रिवाज मेला तर कुठे शोधायचा? त्सुनामीत गेलेल्यांच्या सिरोनच्या सामूहिक दफनभूमीजवळ उभी होते तेव्हा मला या म्हणीचा पहिला अर्धाही खोटा ठरल्यासारखा वाटला होता.

जमिनीच्या दाखल्यांसाठी तेव्हा रालास नावाची मोठी मोहीम झाली. कल्पना चांगली होती. कागद वाहून गेलेत, हद्दीचे दगड गेलेत, तर गावकऱ्यांनीच मिळून हद्द ठरवायची, शेजाऱ्यांनी सह्या करायच्या आणि मग जमीन खात्याने मोजायचं. दाखला फुकट. मी अशा बैठकांना बसले आहे. मुनासाहमध्ये पुरुष बसायचे. बायका मागे, खानदुरीचा, म्हणजे गावजेवणाचा, भात जिथे शिजतो तिथे. पुरुष आठवून-आठवून सांगायचे की अमक्याची विहीर इथे, तमक्याचा नारळ तिथे. एकदा दोन भाऊ अडले. मागून एका म्हातारीने आवाज देऊन सांगितलं की तिथे नारळ नव्हताच, पोफळ होती, आणि ती माझ्या आईने लावली. वाद मिटला. नोंदीत तिचं नाव आलं नाही, साक्षीदार म्हणूनही नाही.

या वेळी तर भाताची खाचरं गाळाखाली गेली आहेत. बांध दिसत नाहीत. बांध कुठून जात होता हे कुणाच्या पायांना माहीत असतं? लावणी बायका करतात, कापणी त्यांची. कमरेत वाकून त्या बांधाबांधाने मागे सरकत आलेल्या असतात. पाण्याची पाळी ठरवणारा तुमचा कुजरुन ब्लांग जितका जाणतो तितकंच त्या जाणतात. शिवाय गालाचे व्यवहार आहेत. शेत गहाण टाकून सोनं घ्यायचं, किती मायाम (सोनं मोजायचं तिथलं वजन) ते चार माणसांसमोर ठरायचं, आणि दहा वर्षांनी तेवढंच सोनं देऊन शेत सोडवायचं. बायकोच्या मेहेरचं सोनं कितीदा या व्यवहारात गेलेलं असतं. त्याचा कागद असला तर घरातल्या पेटीत असतो, आणि त्या पेट्या आता चिखलात आहेत. ज्यांना ते मायाम आठवतात त्या बायका अजून आहेत. त्या आहेत तोवर लिहून घ्या.

कायद्याची अडचण आहे असं मला तेव्हा सांगितलं गेलं होतं आणि मी ते मानलं होतं. आता इतक्या वर्षांनी वाचून खात्री केली आहे. इंडोनेशियाच्या १९६० च्या मूळ जमीन कायद्याचं नववं कलम पुरुष आणि स्त्री दोघांना जमिनीवर हक्क मिळवायची सारखी संधी देतं. १९७४ चा विवाह कायदा एकतिसाव्या कलमात नवऱ्याला कुटुंबप्रमुख म्हणतो, खरं आहे, आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो. पण त्याच कायद्याचं पस्तिसावं कलम सांगतं की लग्नानंतर कमावलेलं ते दोघांचं, आणि ज्याला जे भेट किंवा वारसा म्हणून मिळालं ते ज्याचं त्याच्या ताब्यात. पुनुलांग ही भेटच आहे. म्हणजे कुटुंबप्रमुख नवरा असला तरी घर बायकोचं असू शकतं, देशाच्याच कायद्याने. वरच्या रकान्यातलं नाव खालच्या रकान्यात उतरवायला कुठल्याही कलमाने सांगितलेलं नाही. ती फक्त लिहिणाऱ्याच्या हाताची सवय आहे. पुनर्वसनासाठी विकत घेतलेल्या जमिनीवर पती-पत्नी दोघांच्या नावे दाखला द्यायचं धोरण त्सुनामीनंतरच्या पुनर्बांधणी संस्थेने, बीआरआरने, स्वीकारलं होतंच. म्हणजे सरकारने हे एकदा मान्य केलेलं आहे.

दुसरी हरकत धर्माची. वारसाहक्कात मुलाला मुलीच्या दुप्पट वाटा, मग घर मुलीला कसं? मी त्या धर्माची नाही, त्यामुळे याबाबत मी जे ऐकलं तेवढंच सांगते. आईबापांनी हयातीत स्वखुशीने दिलेली देणगी, हिबा, ही वारशाच्या वाटणीत येत नाही, असं मला तुमच्याच इमुमांनी समजावलं होतं. उरतो तो पुरावा. हिबा तोंडी असतो, साक्षीदार म्हातारे होतात, बाप वारल्यावर भावाला वेगळं आठवू लागतं. तर कुचिकांनी तो लिहून घ्यावा. २००८ च्या नवव्या कानूनाने, म्हणजे आचे प्रांताच्या कायद्याने, गाम्पोंगला अठरा प्रकारचे तंटे स्वतः सोडवायचा अधिकार दिला आहे, त्यात वारसा आणि मालमत्ता दोन्ही आहेत. जे गाव तंटा सोडवू शकतं ते तंटा होण्याआधी एक कागदही करू शकतं.

सगळीकडे एकच नियम लावा असं मी म्हणत नाही. गायो डोंगरातल्या तुमच्या शेजाऱ्यांत बहुतेक लग्नांत मुलगी नवऱ्याच्या घरी जाते, तिथे पिदीचा रिवाज लादणं हाही अन्यायच होईल. म्हणूनच विचारा म्हणते. घर कुणाच्या आईने दिलं, जागा कुणाची, एवढे दोन प्रश्न. माझ्या अर्जात ते नव्हते.

आणि एक विनंती स्थलांतराबद्दल. नव्या वसाहतीत घरं चिठ्ठ्या टाकून वाटतात. चिठ्ठी निःपक्षपाती वाटते आणि यादी करणाऱ्याला आरोपापासून वाचवते. किल्लारीनंतर आमच्याकडे आखीव रस्त्यांची नवी गावं झाली. जुन्या गल्लीतल्या जावा-जावा, नणंदा, शेजारणी वसाहतीच्या चार टोकांना गेल्या. भिंती पहिल्यापेक्षा मजबूत होत्या आणि बायका संध्याकाळी दार लावून घेऊ लागल्या होत्या. तुमच्याकडे हे झालं तर नुकसान आणखी मोठं आहे, कारण तुमची घरं बहिणींची आहेत. चिठ्ठी घराघराची टाकू नका, बहिणींच्या गटाची टाका. तीन-चार घरांना मिळून एक अंगण, एक विहीर किंवा नळ. जमल्यास घर खांबांवर. नव्या सामानाने करा, काँक्रीटचे खांब करा, पण पाण्याला खालून जायला जागा ठेवा.

आमच्याकडे शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली होती. शेतकऱ्याने जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करावा, म्हणून गावोगाव सभा घ्याव्या लागल्या, विनवावं लागलं, तालुक्याला खेटे घालावे लागले. ज्या गावांनी केलं त्यांचं कौतुक झालं, कारण ते इतकं अवघड होतं. तुमच्याकडे ते विनासभा, विनाआंदोलन पिढ्यानपिढ्या चालत आलं आहे. तुमच्या सर्वात प्रसिद्ध वचनात रूढी राजाची, धर्माचा कायदा स्याह क्वाला या धर्मपंडिताचा आणि कानून पुत्रो पाहांगचा, एका राणीचा, असं म्हटलं आहे. सतराव्या शतकात सलग चार सुलतानांनी आचेवर राज्य केलं, १६४१ ते १६९९, आणि चौघीही बायका होत्या. अशा मुलखात मी बाहेरून येऊन बाईचं नाव कागदावर येऊ दिलं नाही, ही गोष्ट मला वीस वर्षं झोपू देत नाही.

माक वाची नात आता तात्पुरत्या निवाऱ्यात आहे, दोन मुलींसह. तिच्या आजीचं घर आणि तिच्या आईला पुनुलांग म्हणून मिळालेलं घर दोन्ही एकाच अंगणात होतं. तिने मला विचारलं की अर्जात काय लिहू. मी सांगितलं, तुझं नाव लिही, आणि खाली आईचं आणि आजीचं लिही, जागा कुठून आली ते कळू दे. अर्जात त्यासाठी रकाना नाही म्हणून मागच्या कोऱ्या बाजूवर तिने ते लिहिलं आहे. तो कागद तुमच्यापैकी कुणाच्या तरी टेबलावर येईल. उलटून बघा.

हे पत्र मुनासाहच्या फलकावर लावलंत तर मला आनंद होईल. पण एकदा मागच्या बाजूला, जिथे बायका भात शिजवतात, तिथेही मोठ्याने वाचून दाखवा. त्या मला चुका दाखवतील, त्या मला कळवा.

आपली,
तुमच्या अंगणात दोन वर्षं राहिलेली लातूरकडची पाहुणी